पिकअप शेडमधली बॅच

स्वयंपाकघराच्या दारामागे एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात बघा. कुणी ठरवून साठवत नाही, पण साठतात. आमच्या कोर्सचे किस्से तसेच साठले. कोर्समध्ये काय शिकलात असं आज कुणी विचारलं तर मला आधी हे किस्सेच आठवतात. मग ओशाळून मी दोन-चार इंग्रजी शब्द टाकते, म्हणजे समोरच्याला वाटतं, बाई शिकलीय खरी!

आधी मी कोण ते सांगते. मी सुषमा. आष्ट्यात आमची टायपिंग इन्स्टिट्यूट. ती सासऱ्यांनी काढली, लग्नानंतर मी तिथं आधी विद्यार्थी म्हणून बसले आणि मग मास्तरीण झाले. वीस-बावीस वर्षं पोरांची बोटं वळवली. मग हळूहळू पोरंच यायची थांबली. शेवटच्या बॅचला मशिनं चौदा आणि विद्यार्थी दोन, त्यातला एक पावसाला आडोसा म्हणून आलेला. भाची म्हणाली, मावशी, कीबोर्डसमोरच बसायचं आहे तर सॉफ्टवेअर टेस्टिंग शीक, ऑनलाइन कोर्स असतो. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या. मी म्हटलं, हे काम मी घरात जन्मभर फुकट करत आलेय. लगेच नाव घातलं.

कोर्सच्या ग्रुपवर शेकडो माणसं होती आणि सगळी एकमेकांना ऑल द बेस्ट म्हणत होती. त्यात एका मुलीनं विचारलं, "कराड साईडचं कोण हाय का?" तीन जण निघालो. विचारणारी संघमित्रा, आमची संघा, मलकापूरची, बी.एस्सी. होऊन पाच वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी. दुसरी मी. तिसरे मेजर, मेढ्याच्या वर डोंगरातल्या एका गावचे. ठरलं, की रोज सकाळी दहा ते बारा व्हिडिओ कॉल लावून एकत्र अभ्यास करायचा आणि महिन्यातून एक रविवार संघाच्या घरी भेटायचं. ती दोघं नसती तर दुसऱ्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर कव्हर घालून ठेवलं असतं. हे मी कुणालाही सांगते आणि ते सांगताना मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

*

पहिल्या महिन्यातली गोष्ट. एक ते दहा आकडे छापणारा छोटा प्रोग्राम लिहायचा होता. संघाचा पाच मिनिटांत झाला, मेजरांचा अर्ध्या तासात. माझा दोन दिवस होईना. कॉम्प्युटरचं एकच पालुपद, की दहा म्हणजे काय ते मला माहीत नाही. पहिलीतल्या पोराला माहीत असतं ते या यंत्राला माहीत नाही म्हटल्यावर मी साहजिकच यंत्रावर संशय घेतला. भाचीला फोन करून विचारलं, लॅपटॉप कुणाचा वापरलेला तर गळ्यात मारला नाहीस ना?

तिसऱ्या दिवशी संघानं मला स्क्रीन दाखवायला लावली. डोळ्यात तेल घालून तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "मॅडम, कॅमेरा खाली करा आणि त्यो एक परत टाईप करून दाखवा."

मी ऐटीत दाखवला. उजव्या हाताचं तिसरं बोट, एलचं बटण.

त्याचं असं आहे, की आमच्या जुन्या इंग्रजी टाईपरायटरला एक या आकड्याचं बटणच नव्हतं. स्मॉल एल दाबायचा, कागदावर तो त्या आकड्यासारखाच दिसायचा. सासऱ्यांनी मला तसं शिकवलं, मी शेकडो पोरांना तसंच शिकवलं, आणि पुढं कॉम्प्युटर आले तरी माझं बोट सवयीनं तिकडंच जात राहिलं. पत्रं, अर्ज, दाखले, कशात कुणाला कळलं नव्हतं. या मेल्या कॉम्प्युटरनं मात्र पकडलं. मी त्याला एल आणि शून्य देत होते आणि वर त्यालाच अडाणी ठरवत होते.

संघा हसली नाही, याचं मला आजही कौतुक आहे. फक्त म्हणाली, "मॅडम, तुमच्या हाताखालनं गेलेली निम्मी पोरं आता सरकारी हापिसात असतील ना?"

तेव्हापासून कुठलाही दाखला हातात आला, की मी आधी त्यातला एकचा आकडा बघते.

*

आता मेजर. मेजर म्हणजे खरं तर रिटायर हवालदार. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला माणूस गावात पाय ठेवताक्षणी मेजर होतो. ते प्रमोशन गाव देतं, दिल्लीला विचारत नाही.

सतरा वर्षं नोकरी करून ते घरी आले होते. एका जुन्या दोस्तानं पुण्याच्या कंपनीत सिक्युरिटीची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, दिवाळी झाली की हजर व्हायचं. त्याआधी घरी बसून करता येईल असं काम मिळालं तर राहायचं, नाही तर पुन्हा घर सोडायचं. श्रेया त्यांची मुलगी, सहावीतली. दर सुट्टीत ती पहिल्याच संध्याकाळी विचारायची, "पप्पा, परत कवा जाणार?" आता ते कायमचे आले तरी पोरगी विचारतच होती. कारण नाव-नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली त्यांची काळी लोखंडी पेटी अजून दाराशीच होती. बायकोनं आल्या आल्या सांगितलं होतं, की पेटी रिकामी करून द्या, पोत्यातल्या नाचणीला उंदीर लागतात, पेटीत भरून ठेवते. मेजर म्हणाले होते, दिवाळीपातूर थांब.

हे सगळं त्यांनी पहिल्या रविवारी दोन मिनिटांत सांगितलं आणि चहाचा कप उचलला. संघा आणि मी मात्र आपापले कप तसेच धरून बसलो. तेव्हापासून आमच्या दोघींच्या डोक्यात कोर्सची परीक्षा एक आणि मेजरांची पेटी एक, अशा दोन गोष्टी होत्या.

*

मेजरांच्या घरात रेंज नव्हती. सगळ्या गावात रेंज एकाच जागी, खालच्या वळणावरच्या एसटीच्या पिकअप शेडमध्ये. त्यामुळं मेजर रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये येऊन बसत आणि मेढ्याला जायला एसटीची वाट बघणारी सगळी माणसं त्यांच्याबरोबर सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकत.

तुकातात्या म्हणून एक म्हातारे होते. बीपीच्या गोळ्या आणायला आठवड्याला मेढ्याला जायचे, कोर्स सुरू झाल्यापासून एक दिवसाआड जायला लागले. मेजरांची एक सवय त्यांनी बरोबर टिपली. व्हिडिओ सुरू झाला, की मेजर ताठ बसून स्क्रीनला म्हणत, "जय हिंद सर."

तात्यांनी चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी विचारलं, "ह्यो मास्तर तुला वळखतो का रं?"

मेजर म्हणाले, न्हाई तात्या, हे आधीच भरून ठेवलेलं असतं.

"म्हंजी तू बोललेलं त्याला ऐकू जात न्हाई?"

"न्हाई."

तात्या विचारात पडले. मग म्हणाले, "देवाचं बी तसंच हाय म्हणा," आणि त्या दिवसापासून व्हिडिओ सुरू झाला की तेही हात जोडायला लागले.

पुढं तर शेडची शाळाच झाली. एकदा मेजर तापानं दोन दिवस आले नाहीत, तर अकरा दहाच्या गाडीच्या कंडक्टरनं खाली उतरून चौकशी केली. तात्यांनीच हवाल दिला, की आज फंक्शन शिकवायचं होतं, ते बुडालं.

*

सरावासाठी आम्हाला एका खोट्या दुकानाची वेबसाइट दिली होती. तिच्यातल्या चुका शोधायच्या आणि रिपोर्ट लिहायचा. मी लिहिलं, लॉगिन होत नाही. संघानं नीट चार ओळी लिहिल्या. मेजरांनी लिहिलेला रिपोर्ट मी अजून जपून ठेवलाय.

"वेळ ०९४०. हवामान स्वच्छ, रेंज दोन दांड्या. लॉगिनच्या दारावर पोचलो. बरोबर नाव, बरोबर पासवर्ड दिला. दार उघडले नाही. तीन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केला. दार उघडले नाही. तिसऱ्या वेळी मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला. दार उघडले. आमचे नुकसान नाही. शत्रूचे कुंपण या बाजूने कच्चे आहे."

दर शनिवारी पुण्याहून एक सर आमच्या शंका सोडवायला लाइव्ह यायचे. वय पंचविशीचं, आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि ते आम्हाला गाईज म्हणायचे. त्यांनी हा रिपोर्ट सगळ्या वर्गापुढं वाचला. वाचताना हसू आवरेना त्यांना. मग ते थांबले आणि त्यांनी स्वतः चुकीचा पासवर्ड टाकून बघितला. दार उघडलं! सगळ्या बॅचमध्ये ते दुसऱ्या कुणालाच सापडलं नव्हतं, कारण मुद्दाम चुकायचं दुसऱ्या कुणाला सुचलंच नव्हतं.

सर म्हणाले, कधी, कुठं, काय केलं आणि काय झालं, रिपोर्ट असाच लिहायचा असतो. "फक्त मेजर, शत्रू तेवढा काढा."

*

या शनिवारच्या सरांची एक गंमत आमच्या घरातली आहे.

आमच्या मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, ब्याऐंशी सरलेली. सून म्हातारपणी काय शिकते ते बघायला एका शनिवारी ते माझ्यामागं खुर्ची टाकून बसले. सर स्क्रीनवर काहीतरी टाईप करून दाखवत होते. त्यांचा हातही दिसत होता. मामंजी पुढं वाकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुषमा, हा दोन बोटांनी टाईप करतोय."

मी हळूच म्हटलं, मामंजी, ते मोठे इंजिनिअर आहेत.

"असंल. पण मनगट टेकलंय त्याचं."

माझा माइक चालू होता. सगळ्या वर्गानं ऐकलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पण ते पोरगं फार गुणी. हसून म्हणालं, "आजोबा, मला शिकवाल का?"

आणि खरंच, त्या दिवसापासून वर्ग संपला की दहा मिनिटं सर विद्यार्थी आणि मामंजी मास्तर. बोटांवर रुमाल टाकायचा, खाली बघायचं नाही, ए एस डी एफ जी एफ. ज्या इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी उरला नव्हता तिला पुण्याचा एक विद्यार्थी मिळाला. मामंजी शनिवारी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. त्या मुलाला कल्पनाही नसेल त्यानं आमच्या घरात काय आणून दिलं.

तीन महिन्यांनी मामंजींनी त्याची रीतसर परीक्षा घेतली आणि नापास केलं. मी म्हटलं, अहो मामंजी, किती छान स्पीड आलाय त्याला. ते म्हणाले, "स्पीड आलाय. पण चोरून बघतोय."

*

संघाच्या घरी आम्ही रविवारी भेटायचो त्याचं खरं कारण तिच्या घरचा तांबडा रस्सा, हे मान्य केलं पाहिजे. तिचे वडील म्हणजे आबा. जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला, आधी मेढ्याला आणि मग कराडला, मेकॅनिक म्हणून. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पान्यांची पेटी, आणि पेटीशेजारी आबा शेंगा फोडत बसलेले. आमच्यात कधी बोलायचे नाहीत.

एका रविवारी संघाचा प्रोग्राम बंद पडला. आम्ही तिघांनी तिन्हीकडून त्याला घेरलं. हिनं ही ओळ बदलली, मी ती बदलली, मेजरांनी तिसरीच काढून टाकली. दोन तासांत तो इतका बिघडला, की आधीची चूक बरी म्हणायची वेळ आली.

आबांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "किती पार्ट बदलले?"

संघा म्हणाली, सगळ्यांनी मिळून सात-आठ.

"एकदम?"

"हो."

"मंग आता गाडी चालू झाली तरी तुमाला कळणार न्हाई कशानं झाली. एका टायमाला एकच पार्ट बदलायचा. चालू करून बघायची. न्हाई झाली तर जुना पार्ट परत जाग्यावर, मग दुसरा."

आम्ही निमूट सगळं होतं तसं केलं आणि एकेक बदलत गेलो. तिसऱ्या बदलाला चालू झाला. आबा शेंगा फोडायला लागले.

पुढच्या महिन्यात शनिवारच्या सरांनी नेमकं हेच पाऊण तास शिकवलं, त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही तिघं आपापल्या चौकोनातून एकमेकांकडे बघत होतो. शेवटी सरांनी विचारलं, कुणाला काही शंका?

मेजर म्हणाले, "सर, हे आमचं मलकापूरला झालंय."

*

नोकरी पहिल्यांदा संघाला लागली, गणपतीच्या दिवसांत. पाहुण्यांनी पाच वर्षं आबांचं डोकं खाल्लं होतं, की पोरीचं लग्न करून टाका, किती शिकवता. आबांचं एकच उत्तर असायचं, "माझ्या बानं माझ्या हातात पाना दिला. मी तिच्या हातात ह्ये देतो." नोकरीचं पत्र आलं तेव्हा आबा पान्यांच्या पेटीपुढं जाऊन बसले. त्यांनी पेटी उघडली, सगळे पाने काढले, एकेक करून लख्ख पुसले आणि परत जागच्या जागी ठेवले. संघा सांगते, वर्षानुवर्षं त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता.

नवरात्रात माझा नंबर लागला. पुण्याची एक छोटी कंपनी होती, जुन्या कागदांवरची माहिती कॉम्प्युटरवर चढवून देणारी. इंटरव्ह्यू घेणाऱ्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. भाचीनं पढवून ठेवलं होतं, की अशा वेळी म्हणायचं, मी फार काम करते हीच माझी चूक. मला ते जमेना. मी एलची गोष्ट सांगून टाकली.

मला वाटलं, झालं, गेली नोकरी. मग स्क्रीनवर गृहस्थांची मान खाली वळली, बराच वेळ बटणांचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं आत्तापर्यंत असे एकशे चार एल निघाले. तुम्ही कधीपासून येता?"

*

उरले मेजर. आणि दिवाळी तोंडावर आली.

त्यांना एका ठिकाणी वयाचं कारण देऊन नाही म्हणाले. दुसरीकडचा इंटरव्ह्यू चांगला चालला होता, पण अकराची वेळ होती. अकरा दहाची एसटी वरून उतरली, वळणावर सवयीनं लांबलचक हॉर्न झाला आणि गाडी शेडला टेकून धडधडत उभी राहिली. समोरचे साहेब म्हणाले, आधी शांत जागा शोधा, मग नोकरी शोधा, आणि कॉल बंद झाला.

कंडक्टरला हे तुकातात्यांकडून कळलं तेव्हा त्याला मेजरांकडे बघवेना. मेजरच त्याला म्हणाले, तुमची ड्युटी हाय, त्यात काय. पण आम्हाला ते ऐकवलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्या दिवशी मी पोळ्या लाटताना रडले, हे आज पहिल्यांदा सांगते.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही मलकापूरला जमलो. नाचणी निघाली होती, पोती घरात येऊन पडली होती. पुण्याच्या दोस्तानं वर्दीचं माप मागवलं होतं आणि मेजरांनी ते पाठवलंही होतं. तिसरा इंटरव्ह्यू मंगळवारी होता. वेळ पुन्हा अकरा. संघा म्हणाली, आमच्या घरी येऊन बसा, इथं सगळं शांत. मेजर म्हणाले, चालणार नाही, त्यांचा नियम आहे, जिथं बसून रोज काम करणार तिथूनच बोलायचं. वेळ बदलून मागितली होती, ती मिळाली नाही. नोकरी लागली तर ग्रामपंचायत शेडमागची रिकामी खोली द्यायला तयार होती, पण आधी लागायला हवी.

आबांनी शेंगा फोडता फोडता विचारलं, "अकरा धाची ना? वरनं येती ती?"

"व्हय, तीच."

आबा उठले, फोनमध्ये मेढ्याच्या डेपोतला कुणाचा तरी जुना नंबर शोधत मागच्या दारी गेले. परत आले ते रश्श्यात मीठ बरोबर झालंय का विचारत. आम्हीही रश्श्याचंच बोललो.

*

मंगळवारचं मला मेजरांनी सांगितलंय, तुकातात्यांनी सांगितलंय आणि पुढं त्या गावी गेले तेव्हा त्या कंडक्टरनंही सांगितलंय. तिघांचं जुळतं, म्हणून सांगते.

अकराला कॉल लागला. घेणाऱ्या बाई पुण्याच्या, मराठी बोलणाऱ्या, पण कडक. त्यांनी बरंच विचारलं. कालपर्यंत चाललेला प्रोग्राम आज बंद पडला तर काय कराल, असंही विचारलं. मेजर म्हणाले, एका वेळी एकच पार्ट बदलीन. बाई म्हणाल्या, हे चांगलं सांगितलंत, कुठं शिकलात? मेजर म्हणाले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. बाईंनी ते लिहून घेतलं.

अकरा दहा झाले. मेजरांचा एक कान वळणाकडं. हॉर्न आला नाही. अकरा वीस झाले. तरी नाही. तुकातात्यांना सकाळपासून खोकल्याची उबळ होती, त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला होता. मेजरांना वाटलं, गाडी वरच कुठं बंद पडली असणार.

अकरा पस्तीसला बाईंनी शेवटचं विचारलं. इथं बसूनच काम करणार आहात ना, मग जरा जागा दाखवा.

मेजरांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी लॅपटॉप उचलून फिरवला, आणि फिरवताना त्यांनाही पहिल्यांदाच दिसलं. शेड पूर्ण रिकामी होती. गाडीला थांबलेली सगळी माणसं त्यांच्यासाठी शेड सोडून बाहेर उन्हात उभी होती. पुढं तुकातात्या टॉवेल धरून. त्यांच्यामागं ड्रायव्हर, काखेत तिकिटाचं मशीन धरलेला कंडक्टर, आणि वरच्या गावची पंधरा-वीस माणसं, पिशव्या-गाठोडी घेऊन गाडीतून उतरून खाली चालत आलेली. कुणी बोलत नव्हतं. लाल गाडी वरच्या वळणावर इंजिन बंद करून उभी होती.

बाईंनी विचारलं, "हे सगळे बसची वाट बघतायत का?"

मेजर म्हणाले, "न्हाई मॅडम. बस आलीया. ह्ये तुमची वाट बघत्यात."

बाईंनी ती सगळी माणसं एकदा नीट बघून घेतली. मग म्हणाल्या, दोन दिवसांत कळवते, आणि त्यांना आता जाऊ द्या, उशीर झाला असेल. कंडक्टरनं सगळ्यांना वर नेऊन गाडीत बसवलं आणि डबल बेल दिली. शेडजवळून जाताना ड्रायव्हरनं हॉर्न वाजवलाच नाही.

पुढचे दोन दिवस आमच्या तिघांच्या ग्रुपवर कुणी साधं गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही. आबा संघाला तासातासानं विचारत होते, काही आलं का. मामंजी मला विचारत होते. मी आपली फोन पालथा घालून ठेवायची आणि परत सुलटा करायची.

वसुबारसेच्या सकाळी मेजरांनी फोटो टाकला, खाली एक अक्षर नाही. काळी पेटी, पांढऱ्या रंगातलं नाव आणि नंबर. दारातून उचलून आतल्या भिंतीला लावलेली. झाकण उघडं, आत काठोकाठ नाचणी, आणि त्या नाचणीत कोपरापर्यंत हात खुपसून बसलेली श्रेया.